काचेतली पोर

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, "काय, कसं काय?" तर हे स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाहीत. "मजेत! आपली भिंगरी परवा पुन्हा पहिली आली, वाचलंत ना?" एवढं म्हणतात आणि समोरच्याला स्टुलावर बसवतात. पासपोर्टचा फोटो काढायला घाईघाईने आलेला माणूस भिंगरीची अख्खी कारकीर्द ऐकून जातो. एकदा तर एक गृहस्थ सगळं ऐकून, मान डोलावून, फोटो न काढताच निघून गेले. मी म्हटलं, "लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं? आलेलं गिऱ्हाईक घालवलंत." तर हे म्हणाले, "येईल परत. भिंगरीसाठी तरी येईल." आणि खरंच आले, बायकोला घेऊन.

भिंगरी म्हणजे सायकलच्या शर्यतीतली जगज्जेती. तिचं खरं नाव पेपरात छापून येतं, आमच्या गल्लीत ते कुणी घेत नाही. लहानपणी ती मागच्या बोळात राहायची. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यावरून भिंगरी. दुसरी-तिसरीत असतानाच वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब निघून गेलं. गल्लीशी तिचा संबंध काय तो तेवढाच. पण ती पहिल्यांदा जगात पहिली आली त्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोरून उठून रस्त्यावर आले आणि जो तो म्हणायला लागला, "आपण जिंकलो!" समोरच्या सलूनवाल्यांनी तिचे पहिले केस कापले होते म्हणे. बेकरीवाल्याच्या मते तिच्या पोटऱ्यांत जे बळ आहे ते त्याच्या पावाचं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सांगायचा, तिच्या सायकलीत पहिली हवा मीच भरली. तिच्याकडे तेव्हा सायकलच नव्हती, पण ही गोष्ट त्याच्या कधी आड आली नाही.

ह्यांच्याकडे मात्र पुरावा होता.

त्याच संध्याकाळी हे डार्करूममध्ये शिरले. सासऱ्यांच्या काळातले निगेटिव्हचे डबे उपसले आणि बऱ्याच वेळाने ओल्या हातांनी एक मोठा फोटो घेऊन बाहेर आले. आमच्या स्टुडिओचा तो जुना पडदा, त्यावर रंगवलेला जिना आणि तळं. पडद्यापुढे लहान मुलांच्या फोटोसाठी ठेवलेली छोटी सायकल. आणि सायकलीचं हँडल घट्ट धरून उभी एक सहा-सात वर्षांची पोर. केस मुलासारखे बारीक कापलेले, भिंगरीचे अजूनही असतात तसे. उजव्या गालावर तीळ. भिंगरीचा तो तीळ टीव्ही बघणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. ह्यांनी फोटो चौकटीत घातला, दुकानाच्या दर्शनी काचेत लावला आणि खाली जाड अक्षरांत लिहिलं, "जगज्जेतीचा पहिला फोटो. आमच्याच स्टुडिओत." बाहेर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला वाटेल, एका फोटोने असं काय होतं. झालं मात्र. मोबाइल आल्यापासून फोटोवाल्याला कोण विचारतंय? ज्यांच्या बारशापासून लग्नापर्यंतचे फोटो ह्यांनी काढले, ते रस्त्यात ह्यांच्यासमोरच हात लांब करून स्वतःचे फोटो काढायचे आणि वर ह्यांनाच म्हणायचे, "काका, जरा बाजूला होता का, मागे दिसताय." हे बाजूला व्हायचे. घरी येऊन जेवताना ताटाकडेच बघत बसायचे. भिंगरीचा फोटो लागला आणि ह्यांचं नाव 'भिंगरीचे फोटोवाले' झालं. मान वर झाली. दाढी रोज व्हायला लागली. रोज सकाळी दुकान उघडलं की हे ती काच स्वतः पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून फोटोवर बोट ठेवायचे, "बघा, ही आमची पोर!"

मी चिडवायचे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढताय म्हणायचे. पण एक गोष्ट मला कबूल केलीच पाहिजे. मधल्या एका हंगामात भिंगरी पडली, हात मोडला, शर्यत गेली. तेव्हा हीच सगळी गल्ली म्हणाली, "ती हरली." सलूनवाल्यांनी तिचं पेपरातलं चित्र आरशावरून उतरवलं. आमचे हे तेवढे म्हणाले, "आपण हरलो." आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी काच पुसली, बोट ठेवलं, "ही आमची पोर. हात मोडलाय, होईल बरा." त्या दिवशी मी चिडवलं नाही.

आता वन्संबद्दल सांगते. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची पाठची बहीण. पाठची म्हणजे अंतर पुष्कळ, पंधरा वर्षांचं. लग्न केलं नाही. करावंसं वाटलं नाही म्हणतात, आणि विषय बदलतात. स्टुडिओच्या आतल्या खोलीत बसून फोटो सुधारायचं काम त्या करतात. पूर्वी पेन्सिल आणि बारीक ब्रश घेऊन निगेटिव्हवर काम करायच्या, आता कॉम्प्युटरवर. कुणाच्या डोळ्याखालचं काळं काढ, कुणाचा उडालेला केस बसव. गल्लीतल्या सगळ्यांचे चेहरे त्यांनी कधी ना कधी उजळले असतील. पण वन्संचं काही कौतुक होईल असं कधी घडलंच नाही. पाहुणे आले की आम्ही भिंगरीबद्दल सांगायचो, माझ्या भाच्याच्या नोकरीबद्दल सांगायचो, आणि वन्सं आतून चहा घेऊन यायच्या.

घरात एक जुना विनोद आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे रोज संध्याकाळी कपाळाला हात लावायचे. पडद्यापुढची ती लाल सायकल. तिच्यावर पोरं बसून फक्त फोटो काढायची, ती कधी फरशीवरून हललेली नाही. "मग हिच्या चाकांना चिखल कुठून लागतो?" सासूबाई मांजरावर आळ घ्यायच्या. सासरे म्हणायचे, "मांजर सायकल चालवतं का?" सायकल पुढे माळ्यावर गेली, पण काही उमगलं नाही की अजून आम्ही म्हणतो, "मांजराने चालवली असेल."

तर, परवाची गोष्ट. गावात नवीन मैदान झालं, त्याच्या उद्घाटनाला भिंगरी येणार असं कळलं. सलूनवाल्यांनी कुठून कुठून ओळखी काढल्या, आणि निरोप आला की येता येता ती जुनी गल्ली बघायला थांबणार. ह्यांच्या अंगात वारं शिरलं. दुकानाला रंग, नवी पाटी, काचेला दोनदा साबण. भाषण पाठ करायला लागले. "ज्या चिमुकल्या हातांनी आमच्या स्टुडिओत पहिल्यांदा हँडल धरलं..." असं काहीतरी. मला रोज ऐकवायचे. मला भाषणापेक्षा ह्यांचा चेहरा बघायला आवडायचं. लग्नात होता तसा झाला होता.

ज्या दिवशी ती येणार त्या सकाळी मी दुकानात झाडत होते. वन्सं बाहेर आल्या, काचेसमोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, तो फोटो आजच्या दिवस काढून ठेवला तर?"

"आज? वन्सं, बऱ्या आहात ना? आजच्यासाठीच तर सगळा थाट आहे!"

"तो फोटो तिचा नाहीये."

माझ्या हातातला झाडू तसाच राहिला. "तिचा नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी फोटोंतच जन्म काढला, मला कळतं. ती येऊन बघेल आणि म्हणेल, ही मी नाही. सगळ्यांसमोर म्हणेल. दादाचं काय होईल गं?"

"मग कुणाचा आहे?"

वन्संनी मान फिरवली. "ते जाऊ दे. आधी काढू या."

काढणार कसा? हे नवा शर्ट घालून दारातच उभे होते. मी म्हटलं, "अहो, काच जरा मळकी वाटतेय, फोटो आत घेऊ का?" तर म्हणाले, "आरशासारखी झालीय, डोळे तपासून घे." मग मी फुलांची मोठी परडी आणून नेमकी फोटोच्या पुढे ठेवली. ह्यांनी ती उचलून दारापाशी ठेवली. मी परत आणली. ह्यांनी परत नेली. "तुझं आज काय चाललंय?" मी काय सांगणार? सांगितलं असतं तर हे तिथेच मट्‌कन बसले असते. न सांगावं तर जे घरात झालं असतं ते अख्ख्या गल्लीसमोर होणार. खरं सांगते, त्या घटकेला मला भिंगरीचा राग आला. एवढं जग पडलंय जिंकायला, हिला आमच्या गल्लीत यायचं काय नडलं होतं?

ती आली. गाडीतून उतरली तर टीव्हीवर दिसते त्यापेक्षा लहानखुरी. बेकरीवाला पाव घेऊन पुढे, सलूनवाले फुलं घेऊन पुढे, पंक्चरवाला नुसताच पुढे. ती सगळ्यांशी हसून बोलली. आणि मग हे दोन्ही हातांनी वाट करत तिला काचेपाशी घेऊन आले. घसा खाकरला. "ज्या चिमुकल्या हातांनी..."

भिंगरी फोटोजवळ वाकली. बघत राहिली. आणि खळखळून हसली.

"काका, ही सायकल उलटी आहे!"

"म्हणजे?"

"चेन बघा ना. डावीकडे दिसतेय. सायकलची चेन उजवीकडे असते. आपल्या सगळ्यांच्या सायकलींना उजवीकडेच असते. फोटो उलटा छापलाय."

पंक्चरवाला पुढे सरला, फोटोकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. इतकी वर्षं रोज समोरून जाणारा माणूस! हे चष्मा पुसत पुसत वाकले. मला ह्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. निगेटिव्हची चकचकीत बाजू वर, मंद बाजू खाली, हे वाक्य आमच्या घरात लहान पोरंसुद्धा म्हणतात. कामाला ठेवलेल्या प्रत्येकाला ह्यांनी पहिल्या दिवशी ते घोकायला लावलं. आणि त्या संध्याकाळी आनंदाच्या भरात स्वतःच निगेटिव्ह उलटी घातली होती.

"उलटा... म्हणजे तीळ," हे पुटपुटले. "म्हणजे तीळ डाव्या गालावर."

"हो. आणि माझा तर उजव्या गालावर आहे." भिंगरी अगदी सहज म्हणाली. "ही मी नाहीच. माझा फोटो इथे कधी काढलाच नाही, काका. आमच्याकडे कुठे होते तेव्हा फोटोला पैसे?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सलूनवाले असावेत, मी विचारलं नाही. हे सरळ उभे राहिले. नव्या शर्टात एकदम बारीक दिसायला लागले. "मी लोकांना खोटं सांगत होतो," एवढंच म्हणाले. "इतकी वर्षं."

मी पुढे होऊन ह्यांचा हात धरला. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत. आयुष्यात पहिल्यांदा.

भिंगरी मात्र अजून फोटोकडेच बघत होती. "पण मी हिला ओळखते," ती म्हणाली. "थांबा हं. डाव्या गालावर तीळ. अहो, ही तर ताई! आमची स्टुडिओवाली ताई! कुठे आहे ती?"

आम्ही सगळ्यांनी एकदम मागे वळून बघितलं. वन्सं आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, चष्मा कपाळावर, आणि चष्म्याने रोज झाकला जाणारा तो डाव्या गालावरचा तीळ स्पष्ट दिसत होता. मग हळूहळू उलगडलं. वन्सं लहानपणी तापाने फणफणल्या होत्या, तेव्हा त्यांचे केस बारीक कापले होते. बऱ्या झाल्या त्या आनंदात सासऱ्यांनी तो फोटो काढला. हे तेव्हा दुसऱ्या गावी काम शिकायला होते. परत आले तोवर वन्संच्या दोन वेण्या झाल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आमच्या काचेत चौकट करून टांगलेला होता.

भिंगरी धावत आत गेली आणि तिने वन्संना मिठी मारली. आणि मग जे बोलली ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी शाळेतून येताना ह्या काचेला नाक लावून उभी राहायचे. आत ती लाल सायकल दिसायची. एकदा ताईने विचारलं, चालवायचीय? दुपारी हिचे बाबा झोपले की मागच्या दाराने सायकल बाहेर काढायची आणि बोळात माझी सीट धरून पळायची. रोज. एक दिवस म्हणाली, मागे बघू नकोस. मी बघितलं नाही. ती कधीच सोडून उभी राहिली होती, मी एकटीच चालले होते." ती हसली, पण डोळे भरले होते. "आणि शाळेत मी काय सांगायचे माहितीये? स्टुडिओवाली ताई माझी सख्खी बहीण आहे. सगळ्या मुली माझ्या शेजारी बसायला भांडायच्या. माझ्याकडे तेव्हा दुसरं सांगण्यासारखं होतंच काय?"

सगळ्यांत आधी मला हसू आलं. मी ह्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "मांजर सापडलं."

ह्यांना समजायला क्षणभर लागला. मग हे असे हसले, की हसता हसता रडायलाच लागले. "चिखल," एवढाच शब्द पुन्हा पुन्हा. "अगं, तो चिखल!"

पुढचं सगळं गडबडीत झालं. पंक्चरवाल्याने माळ्यावरून सायकल खाली काढली आणि तिच्यात हवा भरली, म्हणजे त्याचंही म्हणणं अखेर खरं झालं. जुना पडदा सोडला. भिंगरी आणि वन्सं सायकलीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. ह्यांनी जुना मोठा कॅमेरा काढला. फोटो काढताना ह्यांनी सगळ्यांना दरडावलं, "चेन कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून घ्या रे!"

भाषण राहून गेलं. निघताना भिंगरी ह्यांना म्हणाली, "काका, तुम्ही खोटं नव्हता बोलत. मी तुमच्याच स्टुडिओतली आहे." हे नुसते हात जोडून उभे राहिले.

सगळे गेल्यावर संध्याकाळी आम्ही तिघं दुकानात बसलो. ह्यांनी ती निगेटिव्ह काढून नीट सुलटी छापली होती आणि फोटो हातात धरून बसले होते. मग म्हणाले, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"माझाच फोटो, दादा. मला नाही कळणार?" वन्सं म्हणाल्या. "मी सांगायला बाहेर येतच होते. तर तू काचेत लावतही होतास आणि लोक टाळ्या वाजवत होते. किती दिवसांनी हसताना बघितलं तुला."

"पण नंतर? इतकी वर्षं? एका शब्दाने तरी बोलायचं."

वन्सं चष्म्याच्या दांडीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "कशाला बोलायचं? रोज सकाळी तू काच पुसायचास, माझ्यावर बोट ठेवायचास आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचास, ही आमची पोर. मी आत बसून ऐकायचे. मला बरं वाटायचं, दादा."

इतकी वर्षं ह्या बाईच्या हातचा चहा मी पाहुण्यांपुढे ठेवला आणि बोलले कुणाबद्दल, तर भाच्याबद्दल. मी उठले आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. वन्सं "अगं, मी करते" म्हणाल्या. मी म्हटलं, "बसा मुकाट्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीप्रमाणे काच पुसत होते. फोटो तोच, पण सुलटा. खालचं लिहिणं काढून टाकलं होतं. एक नवीन गिऱ्हाईक आलं, गावात कालच राहायला आलेलं, त्याला भिंगरी ठाऊक नव्हती की काही नाही. त्याने सहज विचारलं, "ही कोण हो?"

ह्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "ही आमची..." आणि ह्यांचा आवाज गेला.

आतल्या खोलीतला कीबोर्डचा आवाज थांबला होता. म्हणून मीच झाडू बाजूला ठेवला आणि आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही आमची पोर. आत बसलीय. या, तिला भेटून जा."